जनुकांच्या पुड्या सोडू नका

"आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते, काय झालं? आमच्या रक्तातच नाही कॅन्सर!" मागच्या पोस्टवर आलेली ही कमेंट. लाइकही भरपूर. अहो, जे पन्नाशीत गेले त्यांना नातवंडं बघायलाच मिळाली नाहीत, त्यांचे किस्से सांगणार कोण?

जनुकांचा संबंध आहे, नाही कोण म्हणतंय? जीएसटीएम१ नावाचं जनुक एक एन्झाइम बनवतं, ते तंबाखूच्या धुरातली काही विषारी रसायनं निकामी करतं. कोट्यवधी लोकांत हे जनुक मुळातच नसतं. त्यांना तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका जरा जास्त. पण जराच! तंबाखू तोच धोका कित्येक पटींनी वाढवते. सुपारीसुद्धा, बिनतंबाखूची असली तरी, कॅन्सरकारकच. (फॅन्कोनी ॲनिमियासारखे दुर्मीळ आनुवंशिक आजार वेगळे, तिथे धोका खरंच प्रचंड असतो.) तेव्हा हजारो रुपये मोजून जनुक-चाचणी केलीत आणि 'सेफ' निघालात, तरी खिशातला मावा सेफ होत नाही.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे. आमच्या शाळेमागच्या टपरीवर मात्र पुडी मागितली की मिळते, सातवीतल्या पोरालाही. रक्तात दोष शोधत बसलेल्यांनी आधी ही पुडी कोणाच्या आशीर्वादाने येते ते विचारावं. येत्या ग्रामसभेत मी विचारणार आहे. कोण कोण येतंय?