सेफ्टी टँक कधी उपसायची?



चाकण-म्हाळुंगेकडच्या अनेक बंगल्यांना, रो-हाऊसना ड्रेनेज लाइन नाही. मैला घरच्याच सेप्टिक टँकमध्ये जातो. (आपण सगळ्या तिला ‘सेफ्टी टँक’च म्हणतो, असो.) ‘भरली की उपसू’ हे उत्तर ठरलेलं. पण ही टाकी पाण्याने कायमच भरलेली असते. वाढतो तो तळातला गाळ, आणि तो वरून दिसत नाही. संडास तुंबला की मग कळतं.

माझं मत स्पष्ट आहे: दर तीन वर्षांनी टँकर बोलवावा. वाई नगरपालिकेने २०१८ पासून तक्रारीची वाट न पाहता घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या पाळीने उपसायला घेतल्या.

काही जणी म्हणतात, उपसलं की टाकीतले जीव मरतात, मग लांबवलेलं बरं. मला हे पटत नाही. जितका उशीर, तितका गाळ घट्ट. तो पाइपने ओढला गेला नाही, की कुणाला तरी आत उतरवतात. आत विषारी वायू असतो. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत टाकी साफ करताना चौघे गेले. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या पाच समितींतली उत्सर्ग समिती तर मलमूत्र जपून टाकण्याचीच. ती मुनींसाठी सांगितलेली, पण टाकी आपली आहे ना?

टँकर आला की मैला कुठे रिकामा करणार, ते आधी विचारा. ‘नाल्यात’ म्हणाला तर दुसरा बघा.