रविवार सगळ्यांचाच असतो

शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघायचं आणि सकाळी मुरुडला पोचायचं. जंजिऱ्याचं मुरुड नव्हे. दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. समुद्र, डॉल्फिनची फेरी, सुरमईचं ताट, रविवारी संध्याकाळी परत. तुमच्यापैकी कित्येकांनी हे केलं असेल. तिथल्या लॉज, खाणावळी, बोटी चालतात त्या बऱ्याचशा या वीकेंडवर. पण हा वीकेंड आला कुठून, सांगा बघू?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. त्यांची एक मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. मालकांनी ती मान्य करेपर्यंत १० जून १८९० उजाडला. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले चाकरमानी भरपूर होते. म्हणजे कोकणी माणसानं मुंबईत झगडून मिळवलेल्या सुट्टीवर आज कोकणातलं पर्यटन उभं आहे. कामगारांच्या हक्कानं इथे रोजगार बुडवला नाही, उलट निर्माण केला.

आता लॉजमध्ये तुम्हाला चहा आणून देणाऱ्याची सुट्टी कधी असते? राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये झाला तेव्हा त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, एक पूर्ण दिवस सुट्टी आणि ओव्हरटाइमला दुप्पट मोबदला होता. पण कामाला दहापेक्षा कमी माणसं असतील, तर यातलं काहीच लागू नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा २० वर आणि दिवसाचे तास १० वर न्यायला मंजुरी दिली. किनाऱ्यावरच्या छोट्या लॉजमध्ये वीस माणसं असणार कुठून?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘नियम लावलेत तर मालक माणसंच ठेवणार नाही.’ हे अगदीच खोटं नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना सोडला तर धंदा थंड. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या. घरच्या माणसांनिशी लॉज चालवणाऱ्याच्या डोक्यावर रजिस्टरांचा ढीग नकोच. पण कागद कमी करणं वेगळं आणि सुट्टी काढून घेणं वेगळं.

साधं गणित करा. सहा कामगारांना आठवड्यातून एकेक दिवस सुट्टी दिली, की सहा दिवसांचं काम उरतं. त्यासाठी सातवा माणूस लागतो. खर्च वाढेल, खोलीचं भाडं थोडं चढेल. ते आपण द्यावं.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी तिथल्या फास्ट फूड दुकानांची शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. म्हणून पगार कितीही वाढवा असं नाही. पण ‘संरक्षण दिलं की बेकारी आलीच’ हे सूत्र टिकत नाही, एवढं नक्की.

दोस्तांनो, सुट्टीत तुम्हीही कुठे ना कुठे कामाला लागाल. तेव्हा तीन गोष्टी विचारा: तास किती, सुट्टी कोणत्या वारी, पगार किमान वेतनाइतका आहे ना? किमान वेतन तर कामाला एकच माणूस असला तरी द्यावं लागतं. विचारायला लाजू नका. लोखंड्यांच्या काळातही सुरुवात विचारण्यापासूनच झाली होती.