बुटातला खडा

मागच्या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी येलदरीला गेलो. उमेदीच्या काळात जिंतूर तालुक्यात नोकरीला होतो, तेव्हा रविवार म्हणजे पूर्णेवरच्या या धरणाची फेरी ठरलेली. त्याच मातीच्या भिंतीवरून तासभर चाललो, डोळे भरून पाणी पाहिलं. रात्री मुक्कामी मोजा काढू लागलो आणि ही एकदम ओरडली. मोजा रक्तानं तळव्याला चिकटला होता. बुटात हरभऱ्याएवढा खडा निघाला. कादंबऱ्यांतून दुसऱ्यांची दुःखं रंगवणाऱ्या मला स्वतःच्या पायाखालच्या खड्याचा पत्ता नव्हता!

मधुमेहानं तळव्यांची जाणीव हळूहळू नेली होती. जखम भरायला दोन महिने लागले.

पुढे छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बुटात कागदासारखी पातळ पट्टी घालून मला चालायला लावलं. तिच्यात शेकडो बारीक सेन्सर असतात. पाऊल आणि बूट जिथे जिथे टेकतात तिथला दाब प्रत्येक सेन्सर वेगवेगळा मोजतो आणि पडद्यावर पावलाचं रंगीत चित्र उमटतं. कमी दाब निळा, जास्त दाब लाल. माझ्या अंगठ्यामागच्या उंचवट्यावर लालभडक डाग होता. वजन नेहमीचंच, पण ते रुपयाएवढ्या जागेवर एकवटलेलं.

मला बँकेतले दिवस आठवले. शाखेचा एकूण आकडा छान दिसतो आणि शाखा गोत्यात येते ती एखाद्या खात्यापायी. सरासरी फार फसवी. म्हणून आम्ही खातेनिहाय उतारा मागवत असू. ही पट्टी म्हणजे तळव्याचा खातेनिहाय उताराच. त्यावरून बुटात नवा मऊ तळ बसवला, भार आजूबाजूला वाटला गेला. पुन्हा मोजलं, तेव्हा लाल डाग विरला होता.

ही विद्या आपल्याला परकी नाही. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि पुढे तिथे कुष्ठरुग्णांवर उपचार करू लागले. रुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि ती गमावतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत त्यांनी रुग्णांच्या हातापायांना दाबाचे सेन्सर लावून पाहिले. दाब वाढला की इशारा मिळे. प्रयोग फसला, कारण इशारा अडचणीचा वाटला की रुग्ण तो बंदच करून टाकत. खरी वेदना अशी बंद करता येत नाही, हेच तिचं मोल.

तेव्हा यंत्र कितीही हुशार असो, त्याचं ऐकणारा माणूस हवा. शिवाय ते महाग आणि शहरात. पण दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ विचारायला मिनिटभर पुरतं. रक्तातली साखर तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं, अगदी खेड्यातल्यासुद्धा, ‘मोजे काढा’ म्हणायला काय हरकत आहे? मला वर्षानुवर्षं कुणी म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही काढले नाहीत.

आता रोज बूट उलटा करून झटकतो, आत हात फिरवतो. रात्री आरसा धरून तळवे बघतो. नातू विचारतो, ‘‘आजोबा, काय शोधताय?’’

‘‘खडा,’’ मी म्हणतो. ‘‘पायाला कळत नाही रे, हाताला अजून कळतं.’’