उणीव पुडीची नाही, मागणाऱ्याच्या आवाजाची आहे

ज्या भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाला पोलाद मिळू लागले, त्या भिलाईच्या कामगार वस्तीत एकही मूल जुलाबाने दगावू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी: खासगी दवाखाने व औषध दुकाने जोडून घ्या, पुड्या पोहोचवा, प्रश्न सुटेल. हा हिशेब अपुरा आहे.

उपचाराचे विज्ञान पक्के आहे. ग्लुकोजचा एक रेणू आतड्याच्या पेशीत शिरताना सोडियमचे दोन आयन सोबत नेतो. त्यांच्यामागे परासरणाने पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य प्राण वाचवले. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस करतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातील अतिसारग्रस्त बालकांपैकी ओआरएस मिळालेली ६०.६ टक्के आणि झिंक मिळालेली अवघी ३०.५ टक्के होती.

अडते कोठे? कर्नाटक व बिहारमधील २५३ शहरांत, दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. ओआरएस न देण्यामागे सुमारे ४२ टक्के वाटा 'रुग्णाला ते नकोच असते' या समजुतीचा निघाला. साठा नसण्याचा ६ टक्के आणि आर्थिक लाभाचा ५ टक्के. म्हणजे केवळ पुरवठा वाढवणारी भागीदारी दुय्यम कारणावरच पैसा ओतते.

खासगी क्षेत्राला वगळावे, असा याचा अर्थ नव्हे; असंख्य पालक प्रथम तेथेच जातात. परंतु बाजार आपणहून सत्य सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावातून 'ओआरएस' ही अक्षरे काढण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाला ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. जास्त साखरेचे पेय आतड्यात उलट पाणी ओढते. तेथे नावाची फसवणूक जिवावर बेतू शकते.

छत्तीसगडला उत्तर परके नाही. २००२ मध्ये सुरू झालेल्या मितानिन कार्यक्रमात वस्तीनेच निवडलेली बाई घरोघर जाते. पुढे हे काम शहरी वस्त्यांतही पोहोचले. 'डॉक्टर, ओआरएस आणि झिंक द्या' असे म्हणण्याचा आत्मविश्वास आईला तीच देऊ शकते.

म्हणून भागीदारीचा करार व्हावा, पण अटींसह. यश विकलेल्या पुड्यांवर न मोजता योग्य उपचार मिळालेल्या मुलांवर मोजावे. विनाकारण दिलेल्या प्रतिजैविकांचा हिशेब मागावा. आणि मितानिनला खासगी जाळ्याची विक्रेती न बनवता वस्तीची साक्षीदार ठेवावे. या अटी ज्या भागीदाराला जाचक वाटतील, तो भागीदार मुलांचा नव्हे, केवळ बाजाराचा आहे.