पोटापाण्याचा खेळ

आपल्या पांढरपेशा घरांत खेळाला एक ठरलेली वयोमर्यादा असते. मूल सात-आठ वर्षांचें असतांना अंगणांत खेळलें नाहीं, तर आईला काळजी वाटते. तेंच मूल सोळा वर्षांचें होऊन मैदानावरून उशिरां परतूं लागलें, कीं वडिलांना काळजी वाटूं लागते. दहावीचें वर्ष उजाडलें म्हणजे खेळाचें सारें साहित्य माळ्यावर जातें, आणि तें सहसा पुन्हां खालीं येत नाहीं. खेळानें शरीर सुदृढ होतें, मन प्रसन्न राहतें, हें आपण निबंधांत आवर्जून लिहितों; परंतु खेळानें पोट भरतें असें कोणी म्हणालें, तर त्याच्याकडे आपण दयेच्या दृष्टीनें पाहतों.

शेवगांवाहून एका भगिनींचें जें पत्र आलें आहे, त्यांत हाच पेंच आहे. त्यांचा मुलगा अकरावींत शिकतो. संध्याकाळीं तो कबड्डीच्या मैदानावर असतो. ‘मुलांत गुण आहे, त्याला जिल्ह्याच्या निवड चांचणीस पाठवा,’ असें त्याला शिकविणारे गृहस्थ म्हणतात. ‘अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचें वर्ष आहे, हे चाळे आतां पुरेत,’ असें वडिलांचें म्हणणें. दोघांच्या मध्यें आई सांपडली आहे. त्या विचारतात, ‘खेळाडू म्हणून माणसाला जगतां येतें काय? आणि येत असल्यास किती वर्षें?’ प्रश्नाचा हा उत्तरार्ध विशेष मोलाचा आहे. पूर्वार्ध पुष्कळ जण विचारतात. उत्तरार्ध विचारण्याचें भान फार थोड्यांना असतें.

उत्तरासाठीं दूर जावयास नको. शेवगांव ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) वाढलेला अस्लम इनामदार हा तरुण आज कबड्डीवरच जगतो. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण ह्या संघाचा तो कर्णधार आहे. हा संघ होतकरू मुलांना ‘युवा पलटण’ ह्या आपल्या शाखेंत तयार करतो. अस्लम लीगमध्यें उतरला तो आठव्या हंगामांत. तो हंगाम डिसेंबर २०२१ मध्यें, करोनाच्या सांवटामुळें, बंगळूर येथें प्रेक्षकांविना भरला होता. टाळ्या नाहींत, आरोळ्या नाहींत, अशा मोकळ्या सभागृहांत ज्यांच्या कारकिर्दीचा आरंभ झाला, त्यांपैकीं हा एक.

पुढील हंगामांत, २०२२ च्या डिसेंबरांत, पुणेरी पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचली आणि जयपूरच्या संघाकडून ३३-२९ अशी हरली. दहाव्या हंगामांत कर्णधारपद अस्लमकडे आलें. साखळींतल्या २२ सामन्यांपैकीं त्याचा संघ केवळ २ हरला, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाच्या संघावर २८-२५ अशी मात करून त्यानें प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. गंमत अशी, कीं त्या अंतिम सामन्यांत सर्वांच्या नजरेंत भरला तो पंकज मोहिते. एकाच चढाईंत चार गुण आणून त्यानें सामन्याचें पारडें फिरविलें. तरीहि सबंध हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून गौरव झाला, तो अस्लमचा. मोल आणि गुणांची संख्या ह्या नेहमींच एक गोष्ट नसतात, हें ज्यांनीं पंचवीस वर्षें संसार केला आहे त्यांना सांगावयास नको.

ज्यांची कबड्डी शाळेच्या धुळींतच राहिली, त्यांच्यासाठीं आजच्या खेळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मातीच्या जागीं आतां रबरी गादी आली आहे. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. प्रत्येक बाजूस सात गडी. चढाईला वेळ ३० सेकंदांचा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरींत गुण आणावाच लागतो. नाहीं तर चढाई करणारा स्वतःच बाद होतो. समोरचे सगळे गडी बाद केले, म्हणजे लोण चढला आणि दोन गुण अधिक मिळाले. ह्या तिसऱ्या चढाईच्या नियमानें खेळाचें रूपच पालटलें. दम घुमवून, निदानरेषा ओलांडून सुखरूप परत येणें एवढ्यानें भागत नाहीं. केव्हां थांबावयाचें आणि केव्हां जिवावर उदार व्हावयाचें, ह्याचा हिशेब डोक्यांत सतत चालूं ठेवावा लागतो. अस्लम चढाईपटु खरा. परंतु पकडीच्या वेळीं तो नुसता उभा राहत नाहीं, तेथेंहि गुण मिळवितो. एकाच कामांत प्रवीण असलेल्या गड्यापेक्षां दोन कामें करणारा गडी संघास अधिक हवासा वाटतो.

मात्र अशी व्यवस्था आपल्याकडे फार उशिरां आली. इतरत्र ती कधींच आलेली होती, आणि त्या तुलनेंतून आपल्याला पुष्कळ शिकतां येईल. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकचें उदाहरण घ्या. त्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तेथें कबड्डीचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों. त्याच ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलच्या स्पर्धा प्रथमच झाल्या आणि त्यांत फिलिपाइन्स ह्या आशियांतील लहानशा द्वीपसमूहानें पांचवा क्रमांक पटकाविला. दोन्ही देश परक्यांच्या अमलाखालीं होते. फिलिपाइन्सनें अमेरिकनांकडून आलेला खेळ उचलला आणि गल्लीगल्लींतून त्याच्या कड्या टांगल्या. आपण घरचाच खेळ घेऊन गेलों होतों. पुढें १९७५ सालीं त्या देशांत बास्केटबॉलच्या पेशेवर खेळाडूंची संघटना उभी राहिली. आशियांतील ती पहिली. आपल्या कबड्डीला त्या टप्प्यावर येण्यास आणखी ३९ वर्षें लागलीं. खेळाडूंत गुण कमी होता म्हणून हा उशीर झाला नाहीं. त्या गुणाला दाम देणारी व्यवस्था नव्हती, म्हणून झाला.

बास्केटबॉल हा उंच माणसांचा खेळ. फिलिपिनो माणूस तर बेताच्या उंचीचा. तरीसुद्धां तेथील जॉनी अबारिएंतोस हा सुमारें पांच फूट सात इंच उंचीचा खेळाडू १९९६ सालीं त्या देशाच्या पेशेवर खेळांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. तो ‘गार्ड’ होता. म्हणजे चेंडू पुढें आणणारा, सहकाऱ्यांना तो योग्य वेळीं पोहोंचविणारा आणि सबंध डावाची चाल मनांत धरणारा. ज्या संघाला त्यानें यश मिळवून दिलें, त्याच संघानें पुढें अदलाबदलींत त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलें. त्याच्याहि आधीं रॉबर्ट जावोर्स्की ह्या गार्डनें पन्नाशीपर्यंत मैदान सोडलें नाहीं, आणि १९९८ सालीं लोकांनीं त्याला देशाच्या सिनेटांत निवडून दिलें. पेशेवर खेळाच्या दोन्ही बाजू ह्या दोघांच्या चरित्रांत दिसतात. कीर्ति अमाप मिळते. पण आपण कोणाकडून खेळावयाचें, हें मात्र पुष्कळदां आपल्या हातीं राहत नाहीं.

आपल्याकडे ह्याच गोष्टीला ‘लिलाव’ म्हणतात. माणसांचा लिलाव ही कल्पना जुन्या वळणाच्या मनाला खटकते, आणि ती खटकावी हेंहि योग्यच. तरीपण त्यामागील हिशेब शांतपणें पाहिला पाहिजे. २०२३ च्या लिलांवांत पुणेरी पलटणनें महंमदरेझा शादलुई ह्या इराणी खेळाडूसाठीं २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. वर्तमानपत्रांनीं हा आंकडा ठळक छापला. त्याच लिलावांत सर्वांत खालच्या गटांतील खेळाडूची पायाभूत रक्कम ९ लाख होती, ही ओळ कोणाच्या लक्षांत राहिली नाहीं. शिवाय एकंदर संघ १२, आणि प्रत्येक संघांत खेळाडू फार तर २५. म्हणजे देशांतील व परदेशांतील मिळून तीनशे जागा. महाराष्ट्रांत कबड्डीचें मैदान नाहीं असा तालुका शोधून सांपडावयाचा नाहीं; त्या सर्व मैदानांवरील मुलांसाठीं ह्या तीनशे जागा आहेत. कोटींचें स्वप्न पाहणाऱ्यानें आधीं हा भागाकार करावा.

आतां प्रश्नाचा उत्तरार्ध. अजिंक्यपद मिळविल्यानंतरच्याच हंगामांत, २०२४ सालीं, अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली. आरंभींचे कांहीं सामने खेळून त्याला बाहेर बसावें लागलें, आणि आदल्या हंगामांत अजिंक्य ठरलेला त्याचा संघ बाद फेरीपर्यंतहि पोहोंचला नाहीं. २०२५ मध्यें तो परतला, पुन्हां कर्णधार झाला, संघाला अंतिम सामन्यांत घेऊन गेला, आणि दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनीं, ३१-२८ असा हरला. दोनच वर्षांत कळस, दुखापत, पुनरागमन आणि हार! वकिलाला किंवा प्राध्यापकाला हीं चार वळणें पाहावयास उभा जन्म लागतो. खेळाडूचें आयुष्य असें आंखूड आणि घट्ट विणीचें असतें. दहा-बारा वर्षें मिळालीं, तर त्याचें नशीब चांगलें म्हणावें. आणि त्या सगळ्या वर्षांचा भार गुडघ्यांच्या दोन वाट्यांवर असतो.

तेव्हां शेवगांवच्या आईनें काय करावें? माझ्या मतें मुलाला चांचणीस अवश्य पाठवावें. परंतु घरांत तीन गोष्टी आधींच ठरवून घ्याव्यात. पहिली, शिक्षण सुटतां कामा नये. अभियांत्रिकीच हवी असें नाहीं. पण पदवी हवी. महाराष्ट्रांत गुणवंत खेळाडूंसाठीं सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. रेल्वे, सेनादलें, पोलीस हेहि खेळाडूंना सामावून घेतात. ह्या नोकऱ्यांनाहि शिक्षणाची अट असतेच. लीगचे सामने वर्षांतले दोन-तीन महिने चालतात. उरलेल्या नऊ महिन्यांचा आणि पस्तिशीनंतरच्या सबंध आयुष्याचा विचार ह्या पदवीनें होतो.

दुसरी गोष्ट शरीराची. दूध, डाळी, कडधान्यें, झोंप ह्यांत कसूर नको. आणि दुखावलेला गुडघा तेल चोळून व दांत-ओंठ खाऊन बरा होतो, ही समजूत तर घरांतून पार काढून टाकावी. आईनें ह्या बाबतींत कठोर व्हावें. डॉक्टरांनीं ‘खेळूं नको’ म्हटलेल्या दिवशीं कितीहि मोठा सामना असला, तरी मुलाला घरीं बसवावें. अस्लमसारख्या खेळाडूच्या पाठीशीं वैद्य, व्यायामतज्ज्ञ आणि सबंध संघ असतो. तालुक्याच्या मैदानावरील मुलाच्या पाठीशीं फक्त घर असतें.

तिसरी गोष्ट मुदतीची. मुलाला तीन वर्षें द्यावींत, आणि तीं मनापासून द्यावींत. तेवढ्या काळांत जिल्ह्याच्या संघांतून राज्याच्या संघापर्यंत त्याची वाट दिसूं लागली, तर पुढें जाऊं द्यावें. न दिसली, तर पदवी हातीं आहेच, आणि खेळ आनंदापुरता जन्मभर पुरेल. मुदत ठरलेली असली म्हणजे रोज संध्याकाळीं दारांत भांडण होत नाहीं, आणि मुलालाहि आपण चोरून कांहीं करीत आहों असें वाटत नाहीं. मन द्विधा ठेवून केलेली चढाई रिकामीच परत येते.

वडिलांना एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं खेळाकडून आपण जी हमी मागतों, ती इतर कोणत्या पेशाकडून कधीं मागितली आहे? प्रवेशपरीक्षेला बसणारीं सगळीं मुलें अभियंते होत नाहींत. सनद मिळालेल्या प्रत्येक वकिलाकडे पक्षकारांची रीघ लागत नाहीं. तेथें आपण प्रयत्नाला मान देतों, अपयश पोटांत घालतों आणि वर्षभराची फी मुकाट्यानें भरतों. मार्च २०२४ मध्यें पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद कबड्डी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर भरली होती. शेवगांवाहून तेथें सकाळीं निघून संध्याकाळीं घरीं परत येतां येतें. असे सामने पुन्हां जवळपास भरले, तर वडिलांनीं मुलाला बरोबर घेऊन एक दिवस ते पाहावे. आपला मुलगा कोणत्या गोष्टीसाठीं वेळ घालवितो आहे, हें त्यांना त्या दिवशीं कळेल. आणि आपल्याला अजून किती शिकावयाचें आहे, हें मुलालाहि कळेल.