वाढदिवसाचें निशाण

पुण्याच्या एका वृद्ध वाचकभगिनींचें पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांचा नातू कोपनहेगन येथें नोकरीस असून नातसून तिकडचीच, डेन्मार्क देशाची आहे. पणतूचा पहिला वाढदिवस नुकताच झाला आणि तो सोहळा आजींनीं मोबाईलच्या पडद्यावर डोळे भरून पाहिला. आजेसासूबाईंनीं सांगितल्याप्रमाणें नातसुनेनें पाटाभोंवतीं रांगोळी काढली, निरांजन लावून बाळाला ओवाळलें. परंतु टेबलावर, केकवर आणि अंगणांतल्या उंच काठीवरहि तांबड्या रंगावर पांढरा क्रूस असलेलीं निशाणें फडकत होतीं. आजी विचारतात, "लेकराच्या वाढदिवसाला देशाचें निशाण कशाला? जिला आपल्या देशाचें आणि समाजाचें इतकें कौतुक, तिला आमच्या रीतीभातींचें मोल कधीं वाटेल काय?"

प्रश्न एका घरचा असला तरी आज तो अनेक घरांचा झाला आहे. म्हणून त्याचें उत्तर या पानांतून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निशाणाची शंका दूर करूं. डेन्मार्कच्या ध्वजाला डॅनेब्रोग म्हणतात. तो तिकडे केवळ सरकारी कचेरीवर लावण्याची वस्तु नाहीं. वाढदिवस, लग्न, पाहुण्यांचें स्वागत अशा घरगुती प्रसंगीं तो लावतात. नाताळच्या झाडावरहि त्याच्या इवल्याशा माळा सोडतात. आपल्याकडे दाराला तोरण बांधावें, तसाच हा प्रकार. आजींच्या नातसुनेनें कोणतीहि घोषणा केली नाहीं. तिच्या आईनें तिच्यासाठीं जें केलें, तेंच तिनें आपल्या बाळासाठीं केलें.

आतां उरला प्रश्नाचा दुसरा, अधिक खोल भाग. आपल्या समाजाचें कौतुक दोन प्रकारचें असूं शकतें. पूर्वजांचें वैभव मोजून "आम्ही थोर" असें म्हणणें, हा एक प्रकार. "ज्या आदर्शासाठीं ते झटले, त्याचें ऋण माझ्यावर आहे," असें मानून वागणें, हा दुसरा. पहिल्या कौतुकानें शेजारी लहान दिसूं लागतो. दुसऱ्यानें आपणच ऋणको ठरतों. नातसुनेच्या देशाचा इतिहास या भेदाचा उत्तम धडा आहे.

१८६४ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशीं झालेल्या युद्धांत डेन्मार्कचा दारुण पराभव झाला. श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे प्रांत, म्हणजे भूमीचा सुमारे तिसरा हिस्सा, हातचे गेले. अशा वेळीं एखादें राष्ट्र सूडाचा ध्यास घेतें किंवा निराशेंत बुडतें. डेन्मार्कच्या सुदैवानें तिसरी वाट दाखविणारा विचार तेथें आधींच रुजूं लागला होता. त्याचे प्रवर्तक निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२) हे धर्मोपदेशक, कवि आणि इतिहासकार होते. उत्तरेकडील जुन्या पुराणकथा व बखरी त्यांनीं लोकांच्या बोलींत आणल्या. 'बेओवुल्फ' हें प्राचीन इंग्रजी महाकाव्य त्यांनीं १८२० मध्यें डॅनिश भाषेंत उतरविलें. खुद्द इंग्रजांना त्याचें संपूर्ण आधुनिक भाषांतर मिळण्यापूर्वींची ही गोष्ट आहे. परक्याच्या ठेव्यावरहि असें प्रेम करणारा हा मनुष्य स्वभाषेचा अभिमानी होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्या काळीं तिकडे विद्या लॅटिनमध्यें कोंडलेली होती. शेतकऱ्याच्या मुलानें शिकावें तर आपली भाषा विसरून, अशी स्थिति. ग्रुंटविग यांचें म्हणणें असें कीं, मोठ्या झालेल्या मुलामुलींना मातृभाषेंत, जिवंत वाणीनें, गाण्यांतून आणि संभाषणांतून शिक्षण मिळावें. परीक्षेचा जाच त्यांत नसावा. या विचाराची पहिली 'लोकशाळा' १८४४ सालीं रोडिंग येथें निघाली. १८५१ मध्यें क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलानें रिसलिंग येथें अवघ्या १५ विद्यार्थ्यांवर दुसरी काढली. रोडिंग गांव १८६४ नंतर प्रशियाच्या ताब्यांत गेलें, तेव्हां तेथील शिक्षकांनीं नव्या सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव्ह येथें १८६५ मध्यें नवी शाळा उभारली. हिवाळ्यांत तरुण, उन्हाळ्यांत तरुणी या शाळांत राहावयास येत, इतिहास ऐकत, एकत्र गात आणि परत शेतावर जात. पदवी मिळत नसे. मात्र आपण कोणी तरी आहोंत, ही जाणीव मिळे.

या जाणिवेचें फळ व्यवहारांतहि दिसलें. १८८२ सालीं पश्चिम युटलंडमधील येडिंग येथें शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दुग्धशाळा काढली आणि शतक संपेपर्यंत तशा हजाराच्या घरांत गेल्या. सर्व श्रेय लोकशाळांना देणें अतिशयोक्तीचें होईल; परंतु त्यांत शिकलेले अनेक तरुण या चळवळींत पुढें होते. दुधाचे पैसे दुधाप्रमाणें मिळत. मत मात्र माणशीं एक. दोन गाईंच्या धन्याला पन्नास गाईंच्या धन्याइतकाच अधिकार! संस्कृतीचें कौतुक जेव्हां असें मतमोजणींत उतरतें, तेव्हां तें खरें समजावें.

खरी कसोटी पुढेंच होती. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मन सैन्यानें डेन्मार्क व्यापिला. त्या उन्हाळ्यांत गांवोगांवचे लोक मैदानांत जमून आपलीं जुनीं गीतें गाऊं लागले. १ सप्टेंबर रोजीं देशभर मिळून सुमारे ७ लाख लोकांनीं एकत्र गाइलें असें सांगतात. त्याच शरदृतूंत हाल कॉख या प्राध्यापकांनीं कोपनहेगन विद्यापीठांत ग्रुंटविग यांच्यावर व्याख्यानें दिलीं. लोकांची मोठी गर्दी लोटली. पण कॉख यांचा भर राष्ट्राच्या स्तुतीवर नव्हता, नागरिकाच्या जबाबदारीवर होता. संभाषण, परस्परांचें ऐकून घेणें आणि न्याय यांवर उभें असलेलें लोकशाहीचें जीवन जपणें, हेंच त्यांना महत्त्वाचें वाटे. हाच विचार त्यांनीं १९४५ मध्यें पुस्तकरूपानेंहि मांडला.

१९४३ च्या ऑक्टोबरांत त्या विचाराची परीक्षा झाली. यहुदी नागरिकांना पकडून नेण्याचा जर्मनांचा बेत एका जर्मन अधिकाऱ्याच्याच सांगण्यावरून आधीं फुटला. १ ऑक्टोबरच्या रात्रीं धरपकड सुरू झाली, तेव्हां बहुतेक घरें रिकामीं होतीं. माणसें शेजाऱ्यांच्या माडीवर, चर्चमध्यें, रुग्णालयांत लपलीं होतीं. ३ तारखेला रविवारीं देशांतील चर्चांतून या छळाविरुद्ध धर्माध्यक्षांचें पत्र वाचलें गेलें. पुढील कांहीं आठवड्यांत ७,००० हून अधिक यहुदी आणि त्यांचे कित्येक शेकडे आप्त मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोंचले. ज्यांना पूर्वीं कधीं पाहिलेंहि नाहीं, अशांसाठीं पुष्कळांनीं दार उघडलें.

आतां याच्या शेजारीं दुसरें चित्र ठेवूं. जर्मनीलाहि आपल्या संस्कृतीचा थोडाथोडका अभिमान नव्हता आणि तो निराधारहि नव्हता. गटे ज्या वायमार नगरांत आयुष्याचा बहुतेक काळ राहिला व जेथें त्यानें देह ठेविला, त्या नगराजवळच्या टेकडीवर, अवघ्या ८ किलोमीटरांवर, १९३७ मध्यें बूखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली. जंगल तोडतांना एक जुना ओक वृक्ष मुद्दाम राखला गेला. कैदी त्याला गटेचा वृक्ष म्हणत. वृक्ष राखला आणि माणूस मारला! कवीची स्मृति जपणें आणि कवीच्या आदर्शाला जागणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, याहून कठोर दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

मग डॅनिश लोक सारे देवमाणसें होते काय? नाहीं. समुद्राची खाडी अरुंद ठिकाणीं जेमतेम ४ किलोमीटरांची होती आणि स्वीडननें दार उघडलें होतें. पोलंड किंवा हॉलंडमधील लोकांना अशी सोय नव्हती. कित्येक कोळ्यांनीं भरमसाट भाडें घेतलें. गिलेलाये गांवांतील चर्चच्या माळ्यावर लपलेल्या सुमारे ८० जणांना जर्मनांनीं पकडून नेलें. राजा ख्रिश्चन दहावा यानें स्वतःच यहुद्यांची पिवळी चांदणी छातीवर लावली, ही गोष्ट जगभर प्रिय झाली. पण ती घडलीच नाहीं, कारण डेन्मार्कमध्यें तशी चांदणी लावण्याची सक्तीच कधीं झाली नव्हती. आणि २००५ सालीं डेन्मार्कच्या तत्कालीन पंतप्रधानांनीं जाहीर क्षमा मागितली ती याबद्दल कीं, युद्धकाळांत त्यांच्याच अधिकाऱ्यांनीं कांहीं निर्वासितांना जर्मनांच्या स्वाधीन केलें होतें.

हें सारें आम्ही डेन्मार्कचा मान कमी करण्यासाठीं लिहीत नाहीं. ज्या समाजाला आपला आदर्श खरोखर प्रिय असतो, तोच आपल्या चुकीची नोंद त्याच वहींत करतो. ज्याला केवळ स्तुति प्रिय असते, त्याला वहीचीं निम्मीं पानें फाडावीं लागतात.

तेव्हां आजींना आमचें नम्र उत्तर असें: नातसुनेला आपल्या समाजाचें प्रेम आहे, याची भीति नको. ज्याच्या घरीं आईच्या हातची ओळख आहे, त्यालाच दुसऱ्याच्या आईच्या हातची चव कळते. जिनें आपलें निशाणहि लावलें आणि तुमचें निरांजनहि लावलें, तिनें दोहोंचें मोल ओळखलें आहे. आपलें सारें टाकून ती तुमच्याकडे आली असती, तर उद्यां तुमचें टाकायलाहि तिला वेळ लागला नसता.

एक मात्र करावें. पुढच्या खेपेस तिला विचारावें कीं, "मुली, या निशाणामागची गोष्ट सांग." तिनें ऑक्टोबर १९४३ सांगितला, तर मन लावून ऐकावा. आणि मग आपलीहि गोष्ट सांगावी, पण पुरी सांगावी. औक्षणाचा मंगल अर्थ सांगावा. आणि त्याच औक्षणाच्या वेळीं आपल्या घरांतून विधवा आत्या-काकूला माजघराच्या दाराआड उभें राहावें लागे, हेंहि सांगावें. आमच्या लहानपणीं अशी एक आत्या होती. वाढदिवसाचे लाडू तीच वळी, पण ओवाळायला तिला कोणी बोलावलें नाहीं. तिला बोलवावें, असें आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत आलें नाहीं, याची लाज आजहि वाटते.

पणतूच्या दुसऱ्या वाढदिवशीं निरांजनाचें तबक घरांतील प्रत्येक स्त्रीच्या हातांत जावें, मग ती सधवा असो, विधवा असो कीं परदेशची असो. अंगणांत तिचें निशाण खुशाल फडकूं द्यावें.