खडखड नव्हे, खट्!

आमची गाडी 2003 सालची. लहानशी, पेट्रोलवर चालणारी, पॉवर स्टेअरिंग नसलेली. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतकी वर्षं आपले रस्ते सोसल्यावर जे झिजलं ते झिजलं, त्यात कंपनीचा काय दोष?) मुलं म्हणतात, "बाबा, आता विकून टाका." मी म्हणतो, पंधरा वर्षं झाल्यावर 2018 मध्ये आर.टी.ओ.ने तिला तपासून पाच वर्षं वाढवून दिली, 2023 मध्ये पुन्हा पाच दिली. मास्तरला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवतात, गाडीला तरी बसवू नका!

तर सांगायचं म्हणजे, गेल्या पावसाळ्यानंतर गाडीच्या पुढच्या भागातून आवाज यायला लागला. कराडात पावसाळ्यानंतर रस्त्यांचं जे होतं ते सगळीकडेच होतं, त्यामुळे मी आधी लक्ष दिलं नाही. रेडिओ थोडा मोठा केला. (हसू नका, तुम्हीही करता.) पण दिवाळीत मुलगा-सून नातवाला घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला, धाकटीकडे, जाणार होते आणि गाडी हीच नेणार होते. म्हटलं, दाखवून आणावी.

गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "पुढून खडखड वाजतंय. शॉकअप गेले असणार, बघा." त्यांनी बघितले. जुने होतेच, थोडं तेलही पाझरलेलं दिसत होतं. दोन्ही बदलले. आवाज तसाच! पुन्हा गेलो. "मग लिंक रॉड असतील," असं ठरलं. तेही बदलले. दोन्ही मिळून नऊ हजारांच्या वर गेले आणि आवाज जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "सर, गाडीचं वय झालं. आता एवढं चालायचंच."

हे वाक्य मला झोंबलं. कारण अलीकडे गुडघ्याबद्दल, डोळ्यांबद्दल, विसरण्याबद्दल मी हेच ऐकतो.

घरी येताना ही शेजारी बसली होती. मी चडफडत होतो, "एवढे पैसे घालूनही खडखड आहेच." ही शांतपणे म्हणाली, "अहो, पण ही खडखड नाहीच आहे. वळायला लागलं की एकदा खट्. वळून सरळ झालं की परत एकदा खट्. आणि ब्रेक लावला की एकदा. माझ्या पायाखाली लागतं ते, डाव्या बाजूला. मी कधीची सांगतेय."

ती खरंच कधीची सांगत होती. मला ते ऐकूच येत नव्हतं. मला नुसतीच एक मोघम खडबड ऐकू येत होती आणि तिचं नाव मी माझ्या मनाने खडखड ठेवलं होतं.

मग दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. वयस्कर माणूस, गॅरेज छोटं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न विचारले. आवाज एकदाच होतो की सारखा? खड्ड्यात होतो की वळताना? ब्रेक सोडल्यावर होतो का? उत्तरं हिने दिली. मग त्यांनी गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावला आणि लोअर आर्म आणि चाकाच्या मधे पहार घालून हळूच दाबली. खट्! आर्मच्या टोकाला जो बॉल जॉइंट असतो तो चक्क वर-खाली होत होता. त्याचं रबर फाटलेलं आणि आतून ग्रीसऐवजी गंजाचं तांबडं पाणी.

मिस्त्री म्हणाले, "सर, बाकी काही असो, ही गाडी अशी घाटात पाठवू नका."

त्याचं कारण तुम्हालाही कळलं पाहिजे. चाक खालच्या बाजूने गाडीला धरलेलं असतं ते या सांध्यावर. तो निसटला तर चाक आडवं पडतं आणि मग हातातल्या स्टेअरिंगला काही अर्थ उरत नाही. कुंभार्लीच्या वळणावर हे झालं असतं तर... असो. तो विचार मी अजूनही पुरा करत नाही. नवा आर्म, मजुरी आणि व्हील अलाइनमेंट धरून खर्च आला तीन हजारांच्या आत.

आता माझं मत. पहिल्या गॅरेजवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. चूक आधी माझी होती. मी त्यांना प्रश्न दिलाच नाही, उत्तर दिलं. "शॉकअप गेलेत" हे मीच म्हणालो. पस्तीस वर्षं मी मुलांना ओरडत आलो की पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवू नका, आधी रीत लिहा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा रीत न लिहिता उत्तर सांगून मोकळा झालो. तेही चुकीचं!

गंमत म्हणजे आपल्या भाषेत आवाजांना किती नेमके शब्द आहेत! व्याकरणात अनुकरणवाचक शब्द शिकवताना मी फळा भरून टाकायचो : खडखड, कुरकुर, घरघर, खुळखुळ, टकटक. मुलं खिदळायची. पण हेच शब्द गॅरेजमध्ये निम्मं निदान करतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. मिस्त्रींकडे त्या दिवशी तासभर बसलो, त्यात शिकलो ते असं.

लहान-लहान खड्ड्यांतून जाताना पुढून खुळखुळ वाजत असेल तर लिंक रॉड किंवा त्याच्या दांड्याचे बुश बघायचे. त्याची एक युक्ती आहे. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा हा दांडा पिळला जात नाही, म्हणून तिथे आवाज कमी येतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतो.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टक्-टक्-टक् असं चाकाच्या गतीने वाजत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचंही रबर फाटून ग्रीस गेलेलं असतं.

वेग वाढेल तशी वाढणारी घरघर म्हणजे बहुधा चाकाचं बेअरिंग. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा घरघर वाढली तर डावं बेअरिंग संशयित.

गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं आणि करकर झाली, स्प्रिंग अडकून सुटल्यासारखी वाटली, तर शॉकअपच्या वरच्या टोकाचं बेअरिंग. एकाने स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हलका हात ठेवायचा. हाताला झटका कळतो.

आणि खट्, एकदाच वाजणारं, म्हणजे कुठेतरी सैल सांधा. सैल सांध्यात थोडी जागा मोकळी असते. जोर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की तो एकदाच आपटतो. म्हणून वळताना एक, सरळ होताना एक. चाक जॅकवर घेऊन घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवलं आणि सैल लागलं तर टाय रॉड किंवा रॅककडे बघायचं, 12 आणि 6 च्या जागी सैल लागलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगकडे. दुसऱ्याने ब्रेक दाबल्यावर तो सैलपणा गेला तर बेअरिंग. (हे घरी करून बघायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. हात जोडून सांगतो.)

शिवाय सगळ्यात आधी डिकी रिकामी करून बघा. सैल राहिलेला जॅक आणि पाना यांनीही पुष्कळांचे पैसे घालवलेत!

पूर्वी अॅम्बॅसॅडरसारख्या गाड्यांच्या या सांध्यांना ग्रीस भरायला निपल असायचे. ग्रीस भरणारा माणूस येता-जाता प्रत्येक सांधा बघायचा. आता बहुतेक सांधे बंद असतात. ग्रीस भरायचा त्रास गेला, पण नियमाने खाली वाकून बघणाराही गेला. इंजिनात काही बिघडलं तर दिवा लागतो, कॉम्प्युटर लावून सांगतात. बॉल जॉइंट सैल झाला तर कसलाही दिवा लागत नाही. त्याच्याजवळ सांगायला आवाजाशिवाय दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डॉक्टरांकडे गेलो की तपासण्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो. मिस्त्रीने अर्धा तास गाडीखाली झोपून "हा एक आर्म बदला, बाकी सगळं ठीक आहे" असं सांगितलं, तर आपण म्हणतो, "बघितलंच तर आहे, त्याचे कसले पैसे?" मग तो भाग बदलूनच पैसे मिळवणार! शोधण्याला मोल नाही आणि बदलण्याला आहे, ही रीत आपणच लावली आहे. त्या मिस्त्रींनी तपासण्याचे वेगळे पैसे मागितले नव्हते. मी आग्रहाने दिले. ते संकोचले, मग म्हणाले, "असं कुणी देत नाही, सर." मला वाटतं, द्यायला हवेत. जुनी गाडी वापरायची असेल तर तिच्या सुट्या भागांपेक्षा तिचं ऐकणाऱ्या माणसाला आधी पैसे द्यावेत. अंती ते स्वस्तच पडतं. माझा हिशोब वर दिलाच आहे.

"वय झालं, चालायचंच" हे निदान नव्हे. वय झालं म्हणून सगळंच वाजत नसतं, काहीतरी एक वाजत असतं. ते कोणतं, एवढाच प्रश्न असतो.

दिवाळीत मुलं चिपळूणला जाऊन सुखरूप परत आली. त्यानंतरच्या आठवड्यात मीही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिनेच नेलं. वयाबरोबर आधी बारीक, तीव्र आवाज कमी ऐकू येऊ लागतात, तसंच माझं झालंय म्हणाले. यंत्र घ्यायचं ठरलंय. तोवर गाडीचा रेडिओ बंद असतो आणि ही शेजारी बसून सांगते, "काही नाही, खडीच उडाली."

मी विश्वास ठेवतो.